आडोसा : सायकल शर्यतींकडे मागून बघताना

पवनचक्क्यांवर पीएचडी करते असं सांगितलं की गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे त्या उभ्या करणार का तू?" नाही. मी पवनचक्कीच्या मागच्या हवेचा अभ्यास करते. पातं फिरतं तेव्हा ते वाऱ्यातली थोडी ताकद काढून घेतं. त्यामुळे चक्कीच्या पाठीमागे मंद, घुसळलेल्या हवेचा लांबच लांब पट्टा तयार होतो. दुसरी चक्की नेमकी त्या पट्ट्यात उभी राहिली तर तिला उरलासुरला वारा मिळतो. चक्क्या एका ओळीत, वाऱ्याच्याच दिशेला असतील तर मागचीची वीज ३०-४० टक्क्यांनीही घटू शकते. म्हणून दोन चक्क्यांमध्ये पात्यांच्या घेराच्या पाच ते दहा पट अंतर ठेवतात. पाटोदा, लिंबागणेश, मांजरसुंबा या बाजूला बालाघाटाच्या पठारावर चक्क्या एवढ्या लांब लांब का, याचं एक उत्तर हे आहे.

या मागच्या हवेला आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, आडोसा. माझ्या विषयात आडोसा हा तोटा आहे, पण त्याच भौतिकशास्त्रावर चालणारं एक जग असं आहे जिथे आडोसा म्हणजे कमाई. ते जग सायकल शर्यतीचं. मागे बसलेल्या चक्कीला वारा कमी मिळतो म्हणून ती रडते, मागे बसलेल्या सायकलवाल्याला वारा कमी लागतो म्हणून तो जिंकतो.

आजचा लेख आकडेमोडीचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. शर्यतीच्या इतिहासात आडोसा कुणी द्यायचा, कुणी घ्यायचा, आणि तो घेणं लबाडी की हुशारी, यावर दीडशे वर्षं भांडण झालंय. ते भांडण नीट पाहिलं की आपल्या बीड जिल्ह्यातल्या पोरापोरींच्या सायकलींबद्दलही काहीतरी कळतं.

आधी थोडं गणित, घाबरू नका

सायकलवाल्याला मुख्यतः तीन गोष्टी अडवतात : हवा, चढ आणि टायरचं घर्षण. हवेचा हिशोब विचित्र आहे. वेग दुप्पट केला की हवेशी झगडायला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. आपली नेहमीची काळी सायकल घ्या, सरळ हँडलची, २० किलोच्या आसपास वजनाची. तिच्यावर ताठ बसून ताशी ३० किलोमीटर वेग धरायचा तर फक्त हवेसाठी पावणेदोनशे वॅटच्या आसपास ताकद लागते. वाकड्या हँडलच्या रेसर सायकलवर पाठ वाकवून बसलं तर तेच काम शंभर वॅटमध्ये होतं. रोज व्यायाम न करणाऱ्या माणसाला दीडशे वॅट तासभर टिकवतानाही घाम फुटतो.

आता पुढे एक सायकल ठेवा. १९७९ मध्ये चेस्टर काइल या अमेरिकन संशोधकाने मोजून दाखवलं की पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं तर मागच्याला लागणारा हवेचा अडथळा एक तृतीयांशाहून जास्त घटतो. २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्याला एकट्याने चालवताना जेवढा अडथळा लागतो त्याच्या फक्त ५ ते १० टक्के लागतो, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे मागे कुणी असेल तर पुढच्यालाही दोन-तीन टक्के फायदा होतो. आडोसा देणाराही अगदीच रिकाम्या हाताने परत जात नाही!

पण हा सगळा खेळ सपाट रस्त्याचा. आता घाट घ्या. सहा टक्के चढ, माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, वेग ताशी १२. चढासाठी दीडशे वॅटच्या वर जातात आणि हवेसाठी जेमतेम दहा-बारा. म्हणजे घाटात आडोशाची किंमत जवळजवळ शून्य. तिथे तुम्ही, तुमचं वजन आणि तुमचे पाय.

तिसरा प्रकार पायवाटेचा. मुरमाड उतार, पांदण, दगडगोटे. इथे पुढच्याच्या चाकाला चिकटणं म्हणजे त्याच्याबरोबर आपणही पडण्याची तयारी. प्रत्येकाने आपली वाट आपण शोधायची.

हे तीन प्रकार लक्षात ठेवा. शर्यतींचे नियम बनवणाऱ्यांना हे आकडे माहीत नव्हते, पण त्यांची सगळी भांडणं याच तीन ठिकाणी झाली.

"एकट्याने चालवा" असं सांगणारे दिवस

सुरुवातीला आडोसा उघडपणे घेतला जायचा. १८९१ च्या पहिल्या बोर्दो-पॅरिस शर्यतीत पुढे वारा अडवायला वेगळे सायकलस्वार आलटून पालटून येत. ती शर्यत ब्रिटनच्या जी. पी. मिल्स या हौशी खेळाडूने २६ तासांच्या वर वेळ घेऊन जिंकली. १८९९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मर्फी नावाच्या माणसाने तर कमालच केली. रुळांच्या मधे फळ्या टाकल्या, पुढे रेल्वेचा डबा ठेवला आणि त्याच्या आडोशाने एक मैल ५७.८ सेकंदांत पार केला. म्हणजे ताशी शंभर किलोमीटर, तेही सव्वाशे वर्षांपूर्वी. माणसाच्या पायांत ताकद भरपूर आहे, तिची लूट हवा करते, हे त्याने कुठलंही समीकरण न लिहिता सिद्ध केलं.

मग आली १९०३ ची टूर द फ्रान्स. तिचे संयोजक ऑन्री देग्रांज यांचं म्हणणं उलटं होतं : खरा खेळाडू एकटा जिंकतो. दुसऱ्याची मदत घेणं हा कमीपणा. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी हा हट्ट चालवला.

या हट्टाचं टोक १९१३ मध्ये दिसलं. युजेन क्रिस्तोफ हा खेळाडू पिरेनीज पर्वतातला तुर्माले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून चिमटा जोडला. हे सगळं करून पुन्हा शर्यतीत उतरला तर त्याला वेळेचा दंड झाला. का? तर लोखंड तापवताना भट्टीचा भाता एका पोराने हलवला होता. दोन हातांत लोखंड धरलेला माणूस भाता कुठल्या हाताने हलवणार, हा प्रश्न पंचांना पडला नाही.

त्याआधी १९११ मध्ये मॉरिस ब्रोको या खेळाडूवर देग्रांज यांनी दुसऱ्याला मदत केल्याचा ठपका ठेवला आणि त्याला 'दोमेस्तिक' म्हटलं. आपल्या भाषेत 'घरगडी'. शिवीच ती. पण शब्दांचं नशीब बघा. आज संघातल्या नेत्यासाठी वारा अंगावर घेणाऱ्या, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्या, वेळ आली तर स्वतःचं चाक काढून देणाऱ्या खेळाडूला जगभर हाच शब्द आहे आणि तो आता कामाचं नाव म्हणून वापरतात. १९३० मध्ये टूरमध्ये राष्ट्रीय संघ आले. १९३४ मध्ये रने व्हिएतो या विशीतल्या पोराने आपला नेता आंतोनें मान्य याला स्वतःचं चाक दिलं आणि स्वतः मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेला बसून राहिला. मान्य ती शर्यत जिंकला. पण फ्रान्सने प्रेम केलं ते रस्त्याकडेला बसलेल्या पोरावर.

म्हणजे १९१३ मध्ये भाता हलवणाऱ्या पोरामुळे दंड झाला आणि २१ वर्षांनी चाक देणारा पोरगा नायक ठरला. मधल्या काळात हवा तीच होती, घाटही तेच. बदललं ते एवढंच की कुणीही एकटा जिंकत नसतो हे लोकांनी उघड मान्य केलं.

'हौशी' म्हणजे नेमकं कोण?

इथे एक दुसरा शब्द मधे येतो, हौशी. आपल्याला वाटतं हौशी म्हणजे हौसेने खेळणारा, पैशासाठी नव्हे. किती छान! पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हा शब्द कुंपणासारखा वापरला गेला. १८७९ मध्ये हेन्ली इथल्या नौकाशर्यतीच्या नियमांनी कारागीर, मेकॅनिक, मजूर यांना हौशी मानायला नकार दिला. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याच्या अंगात आयती ताकद येते, म्हणून त्याला 'सभ्य' लोकांबरोबर खेळू द्यायचं नाही! सायकलच्या खेळात हे कुंपण एवढं उंच राहिलं नाही, कारण सायकल लवकरच कामगारांच्या हाती आली. तरी ऑलिंपिकमध्ये व्यावसायिक सायकलपटूंना दार उघडायला १९९६ उजाडलं.

आपल्याकडे असा नियम कुणी लिहिला नाही, पण कुंपण होतंच. सायकल महाग, वेळ त्याहून महाग. त्यामुळे भारतात सायकलच्या हौसेची सुरुवातीची मोठी नावं मुंबईच्या पारशी समाजातली दिसतात. व्यायामशाळा, क्लब, थोडी आर्थिक सवड आणि साहसाची परंपरा तिथे होती. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८ मध्ये सुमारे ७० हजार किलोमीटर करून परत आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू उतरले त्यातही जहांगू अमीन, रुसी मुल्ला फिरोज, आदी हवेवाला अशी नावं आहेत.

त्या वेळी आपलं बीड कुठे होतं? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. लंडनचं ऑलिंपिक १९४८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालं आणि मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. मुंबईच्या क्लबातला तरुण लंडनच्या ट्रॅकवर फिरत होता तेव्हा इथल्या तरुणाला स्वतःच्या गावात तिरंगा लावता येत नव्हता. त्यानंतरही जग हळूहळूच जवळ आलं. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. दुसऱ्या गावच्या शर्यतीला सायकल कशी न्यायची, हा साधा प्रश्न कुणाला किती अवघड गेला असेल ते यावरून समजून घ्या. एसटीच्या टपावर बांधून, दुसरं काय!

घाटाचा राजा

महाराष्ट्रातली सायकल शर्यत म्हटलं की पहिलं नाव मुंबई-पुणे. स्वातंत्र्याच्या सुमाराला रुजलेली, मधेमधे खंड पडलेली आणि पुन्हा सुरू झालेली ही शर्यत. मार्ग जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तो तोफा आणि माल वर न्यायला. खोपोली सोडली की थोडक्या अंतरात सुमारे पाचशे मीटर वर चढायचं असतं.

या शर्यतीत एक वेगळा मान आहे, 'घाटाचा राजा'. घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला तो मिळतो, मग तो पुण्यात पहिला येवो न येवो. टूर द फ्रान्समध्येही १९३३ पासून घाटांचं वेगळं बक्षीस आहे. आता वरचं गणित आठवा. सपाटीवर घोळक्यात लपता येतं, घाटात नाही. खोपोलीपर्यंत दुसऱ्याच्या आडोशाने आलेला आणि स्वतः वारा खात आलेला, दोघांची परीक्षा तिथे सुरू होते. फक्त एकाच्या पायांत ताकद शिल्लक असते आणि दुसऱ्याच्या नसते. म्हणून घाटाच्या राजामागेही बहुतेक वेळा संघच असतो. राजा एकटा चढतो, पण घाटाच्या पायथ्यापर्यंत त्याला कुणीतरी ताजातवाना आणून सोडलेलं असतं.

जानेवारी २०२६ मध्ये याच जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर झाली. पाच दिवस, ४३७ किलोमीटर, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची मान्यता, परदेशी संघ, बंद ठेवलेले रस्ते. एका संघातले चार जण रांगेत पुढे येऊन वारा घेतात आणि पाचवा शांत मागे बसतो, हे आपल्या लोकांनी रस्त्याकडेला उभं राहून डोळ्यांनी पाहिलं. कुणाला तो पाचवा आळशी वाटला असेल. तो त्यांचा सगळ्यात महागडा माणूस होता.

आडोसा फक्त वाऱ्याचा नसतो

रेस अक्रॉस अमेरिका नावाची शर्यत १९८२ मध्ये चार माणसांनी सुरू केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. एकट्याला १२ दिवस, संघाला ९ दिवस. इथे दुसऱ्याच्या चाकामागे लपायला बंदी आहे.

२०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ही शर्यत साधारण ८ दिवस १५ तासांत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. गोकुलनाथ यांना आदल्या वर्षी ती अर्ध्यात सोडावी लागली होती. समर्थ पुढच्या वर्षी मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत, ९ हजारांवर किलोमीटरची शर्यतही पूर्ण करून आले.

ही सगळी माणसं हौशी. डॉक्टर, लष्करी अधिकारी. दवाखाना आणि नोकरी सांभाळून चालवणारी. आणि पाहा, वाऱ्याचा आडोसा बंद केल्यावरही इथे संघ लागतोच. दोघांच्या संघात एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो, हा झोपेचा आडोसा. 'एकट्या'च्या मागेही गाडी असते. तिच्यात रस्ता दाखवणारे, जेवण देणारे, टायर बदलणारे, आणि पहाटे तीन वाजता भास व्हायला लागले की नावाने हाक मारणारे लोक असतात. एकट्याची शर्यत हे फक्त नोंदवहीतलं नाव आहे.

डोंगरवाटांची गोष्टही तशीच. २१ ऑक्टोबर १९७६ ला कॅलिफोर्नियात काही मित्रांनी जुन्या जाडजूड सायकली टेकडीवर नेल्या आणि मातीच्या उतारावरून एकेक करत घड्याळ लावून खाली सोडल्या. उतार एवढा की मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. त्यावरूनच त्या शर्यतीला 'रिपॅक' नाव पडलं. माउंटन बाइकचा खेळ तिथून वाढला आणि २० वर्षांत, १९९६ ला, ऑलिंपिकमध्ये गेला. उतरताना प्रत्येक जण एकटा होता, पण ग्रीस भरायला, तुटकी फ्रेम जोडायला, नवी सायकल बनवायला सगळे एकत्र बसत. त्या टोळक्यातल्या गॅरी फिशर, जो ब्रीझ यांनी पुढे सायकलीच घडवल्या. हा कारागिरीचा आडोसा.

बीडच्या रस्त्यावर

आता आपल्याकडे या. बीड जिल्ह्यात सायकल शर्यतीला लागणारा भूगोल अगदी तयार आहे. गेवराईकडून बीडकडे येणारा धुळे-सोलापूर महामार्ग बऱ्यापैकी सपाट, उघडा, आडव्या वाऱ्याचा. पुढे मांजरसुंब्याला घाट. तिकडे तेलगावहून धारूरला चढताना अरुंद, वळणांचा धारूर घाट. सौताड्याच्या, कपिलधारच्या बाजूला मुरमाड वाटा. आणि गावोगाव पांदण रस्ते. उन्हाळ्यात त्यावर वेड्या बाभळीचे काटे आणि पावसाळ्यात काळी माती, जी चाकाला चिकटून मडगार्डमध्ये एवढी भरते की सायकल डोक्यावर घ्यावी लागते. माउंटन बाइकवाले परदेशात असा कस लागावा म्हणून मुद्दाम मार्ग बनवतात. आपल्याकडे शेतात जायचा रस्ताच तसा!

शर्यतीची आवडही जुनी आहे. जत्रेतल्या, जयंतीच्या सायकल शर्यती, १५ ऑगस्टला शाळेच्या मैदानावर स्लो सायकल. गावात येऊन चार-पाच दिवस रात्रंदिवस सायकलवरून न उतरणारा कसरतवाला तर कितीजणांना आठवत असेल. लाउडस्पीकर, ट्यूबलाइटचा उजेड, त्याच्या शर्टाला टाचणीने लावलेल्या दहा-दहाच्या नोटा. तो सायकलवरच आंघोळ करायचा, सायकलवरच जेवायचा. दमाची ती शर्यतच होती, फक्त घड्याळ आणि पदक नव्हतं.

मग इथून सायकलपटू का निघत नाहीत? सोपं उत्तर 'सायकली नाहीत' असं देतात. ते निम्मंच खरं आहे. नेहमीच्या काळ्या सायकलला पुढे साधारण ४४ दाते आणि मागे १८, एकच गिअर. त्यावर सहा टक्के घाट ताशी १२ च्या वेगाने चढायचा तर पायडल मिनिटाला ३७-३८ वेळाच फिरतं आणि प्रत्येक फेरीत पायावर सरासरी २७ किलोचा जोर लागतो. जोर सगळ्यात जास्त असतो त्या क्षणी तो याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे पोरगं सीटवरून उठून आख्खं अंग पायडलवर टाकतं. गिअरवाल्या रेसरवर तोच घाट निम्म्याहून कमी जोरात चढता येतो. म्हणजे साध्या सायकलवर घाट चढणारं पोरगं कमी ताकदीचं नसतं. ते शक्तीचा व्यायाम करत असतं, आणि शर्यत दमाची असते.

पण दुसरं, मोठं कारण आडोशाचं आहे. जत्रेतल्या शर्यतीत प्रत्येक जण एकटा उतरतो. बक्षीस एकाला, म्हणून वारा कुणी कुणासाठी घेत नाही. घोळका झाला तरी तो दहा मिनिटांत फुटतो. पंक्चर झालं की शर्यत संपली. नियमपुस्तकात कुठे लिहिलेलं नसलं तरी आपण अजून १९१३ च्या क्रिस्तोफसारखे खेळतो. लोहारही आपण, भाताही आपलाच.

आणि ज्यांच्या घरचे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्या पोरांचं तर सरावाचं वर्षच अर्धं होतं. थंडीचे महिने हा सायकलचा चांगला हंगाम, आणि नेमका तोच कारखान्याचा हंगाम. हेन्लीच्या नियमाने मजुराला बाहेर ठेवलं होतं. इथे नियमाची गरजच पडत नाही, कॅलेंडरच ते काम करतं.

मुलींचं वेगळं. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. सकाळी रांगेने, एकीमागे एक जाणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. समोरून वारा आला की त्यांतली दणकट मुलगी आपोआप पुढे होते. त्यांना कुणी काइलचा शोधनिबंध वाचून दाखवलेला नसतो. पण बारावी झाली की ती रांग मोडते, आणि सायकल भावाकडे जाते.

हे बदलू शकतं, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवलंय. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा मुलगा, लष्करात महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथे धावायला लागला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, सुवर्णापासून फक्त पाच शतांश सेकंद दूर. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. त्याचे पाय मांडव्याचेच होते. लष्कराने दिला तो आडोसा : खाणं, पगार, प्रशिक्षक, बरोबर धावणारी माणसं, आणि उद्याची काळजी न करता आज दमायची मोकळीक. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरची प्रणिता सोमण रस्ता आणि माउंटन बाइक दोन्हींत राष्ट्रीय पातळीवर पोचली. संगमनेर काही पुणे-मुंबई नाही.

काय करता येईल

मी संशोधक आहे, संघटक नाही. तरी या इतिहासातून तीन साध्या गोष्टी निघतात, त्या लिहून ठेवते.

पहिली : जत्रेच्या किंवा जयंतीच्या शर्यतीत एक बक्षीस संघाला द्या. चौघांचा संघ, तिसरा जेव्हा रेषा ओलांडेल ती संघाची वेळ. एवढ्या एका नियमाने पोरं एकमेकांसाठी वारा घ्यायला शिकतील. नियम बदलला की खेळ बदलतो, टूरने १९३० मध्ये हेच पाहिलं. साध्या सायकलींचा गट वेगळा ठेवा, म्हणजे गिअर नसलेला लाजणार नाही.

दुसरी : घाटाचं बक्षीस वेगळं ठेवा. घाटात आडोसा चालत नाही, त्यामुळे कुठल्याही संघात नसलेला, पण पायात दम असलेला पोरगा किंवा पोरगी तिथे नजरेत भरेल. त्याला किंवा तिला संघात घ्यायचं काम मग बाकीच्यांचं.

तिसरी : शर्यतीच्या मागे एक छोटा हत्ती ठेवा. त्यात दोन चाकं, पंप, पंक्चरचं सामान, पाणी आणि गावातला एखादा सायकल मिस्त्री. रिमचा आऊट काढणारे, छर्रे बदलणारे जुने मिस्त्री अजून आहेत आणि त्यांच्याकडे काम कमी झालंय. भाता हलवणाऱ्याला दंड करायचे दिवस गेले, आता त्याला मानधन द्यायचे दिवस आहेत.

आणि दिवाळीनंतरच्या पोरांसाठी? त्यांना शर्यतीआधी वसतिगृह लागतं. हंगामात घरचे बाहेर असताना पोरांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं शिक्षणासाठी आहेतच. तिथे चार सायकली आणि संध्याकाळचा एक तास मिळाला तर तो वाया जाणार नाही.

माझ्या चक्क्यांकडे परत जायचं तर, पवनचक्क्यांच्या अभ्यासातही आता विचार बदलतोय. पूर्वी प्रत्येक चक्की स्वतःची जास्तीत जास्त वीज काढेल अशी चालवायचे. आता पुढच्या चक्कीला थोडंसं तिरकं वळवायचं, तिची वीज जराशी कमी होऊ द्यायची, म्हणजे तिचा मंद पट्टा मागच्या चक्कीच्या अंगावरून बाजूला सरकतो आणि सगळ्या चक्क्यांची मिळून बेरीज वाढते, असे प्रयोग जगभर होतायत. पुढच्याने थोडं सोसलं तर सगळ्यांचं मिळून जास्त होतं, हे सायकलवाल्यांना कधीचंच माहीत होतं.

पुढच्या लेखात चक्की तिरकी वळवली की नेमकं काय होतं, ते चित्रांसह सांगेन. तोवर तुमच्या गावात सायकल शर्यत होत असेल, किंवा पूर्वी व्हायची आणि बंद पडली असेल, तर खाली जरूर लिहा. कुठून कुठपर्यंत व्हायची, सायकली कुठल्या असायच्या, आणि पहिला येणाऱ्याला काय मिळायचं, एवढं लिहिलं तरी पुरे. जिल्ह्याच्या खेळाचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही. तो असाच, एकेका गावातून गोळा करावा लागणार आहे.